लंडनचें मागीलदार

मोठ्या वाड्याला ओसरी असते, दिवाणखाना असतो, माजघर असतें. आणि या सर्वांच्या मागें एक मागीलदार असतें. पाहुण्याला तें कोणी दाखवीत नाहीं. फुटक्या घागरी, मोडका पाळणा, पावसाळ्याचीं लांकडें, न्हाणीचें चुलाण, आणि पुढल्या बैठकींत ज्यांचें आतां कांहीं काम उरलें नाहीं असा एखादा म्हातारा आप्त, अशा सर्वांची सोय तेथें होते. वाड्याची खरी हकीकत मात्र ओसरीपेक्षां मागीलदारींच अधिक कळते, हें जुन्या घरांत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. लंडन शहराचें असें एक मागीलदार आम्हीं दोन खेपांनीं कांहीं महिने राहून पाहिलें. त्या गांवाचें नांव वोकिंग.

हें गांव लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारें तेवीस मैलांवर, सरे परगण्यांत आहे. वॉटर्लू स्टेशनापासून जलद गाडीनें अर्धा तासहि लागत नाहीं. सकाळीं सातापासून नवापर्यंत प्लॅटफॉर्मवर चाकरमान्यांची जी गर्दी उभी असते ती आपल्या ठाणे-डोंबिवलीकरांस ओळखीची वाटेल; फरक इतकाच कीं तेथें कोणी कोणाशीं बोलत नाहीं. नऊ वाजले कीं गांवांत लहान मुलें, त्यांना संभाळणारीं माणसें आणि म्हातारे एवढेच उरतात. आमचे जांवई त्या गर्दींत, आमची कन्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत, नातू शाळेंत. मग घरीं राहत ते आम्ही उभयतां आणि आमचे व्याही तात्यासाहेब. २०२२ च्या उन्हाळ्यांत चार महिने आणि २०२४ च्या पावसाळ्यानंतर पुन्हां, असा आमचा तेथें मुक्काम झाला. तात्यासाहेब साताऱ्याच्या कलेक्टर-कचेरींतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. पत्नी निवर्तल्यावर २०११ सालीं ते मुलापाशीं गेले ते तेथेंच राहिले. कारकुनी डोळा मोठा तिखट असतो. गांवांतली एकूणएक पाटी त्यांनीं वाचलेली. वाचनालयांतल्या बाया त्यांस नांवानें ओळखीत. या लेखांतील पुष्कळशी माहिती त्यांच्यासंगें पायीं हिंडतांना कानीं पडलेली व मागाहून ताडून पाहिलेली आहे.

आज ज्यास वोकिंग म्हणतात तें मूळचें वोकिंग नव्हे. मूळ गांव स्टेशनापासून मैल-दीड मैलावर वे नामक लहानशा नदीच्या कांठीं आहे. त्यास आतां ‘जुनें वोकिंग’ म्हणतात. १०८६ सालीं इंग्लंडच्या राजानें साऱ्या देशाची जी जमाबंदी करविली तिच्या दप्तरांत त्याचें नांव आहे. वोक्क नांवाच्या कोणा पुरुषाचे जे लोक ते वोकिंग. आपल्याकडे गर्गाचे ते गार्ग्य, तसाच हा प्रकार. तेथें सेंट पीटरचें जुनें देऊळ आहे, आणि सातव्या हेन्री राजाची माता लेडी मार्गारेट बोफोर्ट हिच्या वाड्याचे कांहीं पडके अवशेष आहेत. नदी संथ, पाणी काळसर, कांठीं वाळुंजाचीं झाडें. घाट नाहीं. कृष्णाकांठच्या माणसास घाटावांचून नदी म्हणजे कुंकवावांचून कपाळ वाटतें, तेव्हां तिचें वर्णन आम्ही आंखडतें घेतों.

२१ मे १८३८ या दिवशीं लंडनहून निघालेली नवी आगगाडी प्रथम येथवर आली. गांव राहिलें बाजूला. स्टेशन झालें तें माळावर. त्याचें नांवच मुळीं ‘वोकिंगचा माळ’ असें होतें. हलकी वाळूची जमीन, खुरटीं झुडपें, मधून एक कालवा. धान्य पिकत नाहीं म्हणून गांवकरी गुरें चारीत व सरपणासाठीं गवतमाती खणून नेत. अशा जागीं शहर वसेल असें कोणाच्याहि स्वप्नीं नव्हतें, आणि पुढें तें वसलें तेंहि जिवंतांच्या सोयीसाठीं नव्हे.

त्याचें असें झालें. त्या काळीं लंडनांत माणसें इतकीं दाटलीं होतीं कीं मेलेल्यांस पुरावयास जागा राहिली नाहीं. देवळांभोंवतींच्या लहान लहान आवारांत थरावर थर प्रेतें पुरलीं जात, जुनीं हाडें उकरून नव्यास जागा करीत. त्यांत १८४८-४९ सालीं पटकीची मोठी सांथ आली आणि एकट्या लंडनांत चौदा हजारांवर माणसें दगावलीं. तेव्हां कांहीं उद्योगी गृहस्थांच्या डोक्यांत एक योजना आली: शहराबाहेर दूर एक प्रचंड दफनभूमि करावी, आणि प्रेतें आगगाडीनें तेथें न्यावींत. १८५२ सालीं पार्लमेंटानें कायदा केला व ‘लंडन नेक्रॉपोलिस कंपनी’ निघाली. नेक्रॉपोलिस म्हणजे ग्रीक भाषेंत मृतांचें नगर. या कंपनीनें वोकिंगच्या माळाची दोन हजारांहून अधिक एकर जमीन घेतली. गांवकऱ्यांचे चराईचे हक्क पैसे देऊन मोडले. आणि त्यांतील चारशें एकरांवर ब्रुकवुड येथें दफनभूमि आंखून नोव्हेंबर १८५४ मध्यें ती उघडली.

वॉटर्लूजवळ या कंपनीचें स्वतंत्र स्टेशन होतें. तेथून प्रेतांची गाडी सुटे. तींत जिवंतांस जसे पहिला, दुसरा व तिसरा वर्ग, तसेच मृतांसहि तीन वर्ग. पहिल्या वर्गाच्या शवपेटीस एक पौंड, तिसऱ्या वर्गाच्या पेटीस अडीच शिलिंग. सरकारी पंथाचे ख्रिस्ती एका डब्यांत, इतर पंथांचे दुसऱ्या. सोबतच्या आप्तांस जाण्यायेण्याचें तिकीट मिळे. पेटीस मात्र केवळ जाण्याचें. ही शेवटची गोष्ट तात्यासाहेबांनीं आम्हांस इतक्या गंभीर चेहऱ्यानें सांगितली कीं हंसावें कीं नाहीं हें आम्हांस क्षणभर उमगलें नाहीं. जातिभेदावरून आम्हां हिंदूंस शहाणपण शिकविणाऱ्या राष्ट्रानें मढ्यांचे वर्ग पाडावे, याचें आम्हांस आश्चर्य वाटलें नाहीं; थोडें समाधानच वाटलें. १६ एप्रिल १९४१ च्या रात्रीं जर्मन बाँबहल्ल्यांत तें लंडनमधील स्टेशन उध्वस्त झालें आणि ती गाडी पुन्हां कधीं सुटली नाहीं.

ब्रुकवुडास आम्ही दोनदां गेलों. आजवर दोन लक्षांहून अधिक माणसें तेथें पुरलीं गेलीं आहेत. उंच, लालसर सालीच्या अमेरिकन वृक्षांच्या रांगा, खालीं लव्हाळ्यासारखें गवत, आणि मैलभर चाललें तरी संपत नाहीं अशी शांतता. एका भागांत पारशी मंडळींची जागा आहे. १८६२ पासून ती त्यांच्याकडे आहे, आणि ती मिळविण्याच्या खटपटींत दादाभाई नौरोजी यांचा हात होता. नागपुरास एम्प्रेस गिरणी काढणारे जमशेटजी टाटा १९०४ सालीं जर्मनींत वारले; त्यांचें विश्रांतिस्थान येथें आहे, त्यांचे पुत्र दोराबजी व रतनजी यांचींहि येथेंच. इराणी पद्धतीच्या त्या दगडी मंडपापुढें तात्यासाहेबांनीं जोडे काढले. थंडी कडाक्याची होती. “मास्तर, आपल्या मुलखास पोटाला लावणारा माणूस आहे,” एवढेंच ते म्हणाले.

कंपनीचा हिशेब असा होता कीं लंडनचीं सारीं प्रेतें शेंकडों वर्षें पुरलीं तरी जागा उरेल. पण गिऱ्हाइकें अपेक्षेइतकीं आलीं नाहींत. तेव्हां उरलेली जमीन विकण्यास १८५५ सालीं परवानगी मिळवून कंपनीनें तुकडे पाडण्यास आरंभ केला. स्टेशनाभोंवतालचे हे तुकडे ज्यानें घेतले त्यानें हवें तसें बांधलें, आणि अशा रीतीनें आजचें वोकिंग उभें राहिलें. म्हणजे ज्या जमिनींत मेलेल्यांनीं निजावयाचें तिच्यावर जिवंतांनीं बिऱ्हाडें केलीं.

एकदां जागा स्वस्त व लंडन जवळ असें दिसल्यावर शहरास जें जें घरांत नकोसें झालें तें तें इकडे येऊं लागलें. १८६० च्या सुमारास रोगी व पंगु कैद्यांचा तुरुंग आला. १८६७ सालीं वेड्यांचें मोठें रुग्णालय झालें. वृद्ध व निराधार नटनटींसाठीं एक आश्रम निघाला. राणीच्या यजमानांनीं त्याचा पाया घातला, चार्ल्स डिकन्सनें त्यास हातभार लावला, १८६५ सालीं राजपुत्रानें तो उघडला, आणि अवघ्या बारा वर्षांत पैशांअभावीं तो बंद पडला. ही सारी यादी कालव्याच्या कांठच्या बांकावर बसून आम्हांस ऐकवून झाल्यावर तात्यासाहेब म्हणाले, “लंडनास नको तें वोकिंगास, असा हा हिशेब आहे. मढीं, लंगडे कैदी, वेडे, म्हातारे नट. आणि आतां तुम्हीआम्ही.”

विनोदानेंच म्हणाले, पण तें वाक्य आमच्या मनांतून जाईना. परदेशीं मुलांच्या घरीं राहणाऱ्या म्हाताऱ्यांची स्थिति ज्यांनीं पाहिली आहे त्यांस अधिक सांगणें नलगे. मुलें आदरानें वागवितात, कशाची ददात नसते. पण सकाळीं दहा वाजतां आपण नेमके कोण, हा प्रश्न पडतो. वाईस आमच्या वाड्यांत वडीलबंधूंचें कुटुंब व आम्ही एकत्र नांदतों. तेथें रोज कोणीतरी अर्ज लिहून घ्यावयास, पंचांग विचारावयास, नाहींतर नुसतें भांडण सांगावयास येतें. वोकिंगच्या घरीं दाराची घंटा वाजे ती केवळ टपालासाठीं.

तथापि तात्यासाहेबांचा हिशेब आम्हांस पुरा पटला नाहीं, व तसें आम्हीं त्यांस सांगितलेंहि. टाकाऊ म्हणून जें या माळावर आलें त्यांतूनच या गांवाचा मोठेपणा निघाला आहे. त्या नटांच्या आश्रमाचेंच पाहा. ती ओसाड इमारत १८८४ च्या सुमारास डॉ. लाइटनर नामक पंडितानें घेतली. हा पेस्ट शहरीं जन्मलेला, यहुदी कुळांतला; अनेक भाषा जाणणारा; लाहोरच्या सरकारी कॉलेजाचा मुख्याध्यापक झाला, आणि १८८२ सालीं निघालेल्या पंजाब विश्वविद्यालयासाठीं त्यानें जिवापाड खटपट केली. विलायतेंत शिकावयास येणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांस आपापला धर्म व आचार राखून राहतां यावें म्हणून त्यानें येथें प्राच्यविद्येची संस्था स्थापिली. हृषीकेश शास्त्री यांचें ‘विद्योदय’ नांवाचें संस्कृत मासिक एके काळीं या वोकिंगच्या संस्थेच्या नांवानें निघत असे. सरे परगण्यांतील एका माळाचें नांव संस्कृत मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकावें, ही गोष्ट आम्हांस प्रथम खरीच वाटेना. आमच्यासारख्या, पाठशाळेंत ओसरीवर बसून रूपावली घोकलेल्या मनुष्यास त्या दिवसापासून तें गांव परकें वाटेनासें झालें.

भोपाळच्या शाहजहान बेगमेनें दिलेल्या द्रव्याच्या साह्यानें लाइटनरनें संस्थेशेजारीं १८८९ सालीं एक मशीद बांधविली. इंग्लंडांत मशीद म्हणूनच बांधलेली ही पहिली इमारत. हिरवा घुमट, पांढऱ्या भिंती, भोंवतीं देवदाराचीं झाडें. लहानशी, पण फार नेटकी. १८९९ सालीं लाइटनर वारला, संस्था बुडाली, मशिदीस कुलूप लागलें. १९१३ च्या सुमारास लाहोरचे वकील ख्वाजा कमालुद्दीन यांनीं तें उघडविलें आणि तेव्हांपासून तेथें नमाज चालू आहे. संस्थेच्या जागीं पुढें विमानांचा कारखाना झाला. आतां दुकानें आहेत. रस्त्याचें नांव तेवढें ‘ओरिएंटल रोड’ असें राहिलें आहे. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडांत मेलेल्या मुसलमान हिंदी शिपायांसाठीं जवळच हॉर्सेलच्या माळावर घुमटीदार दरवाजाची एक दफनभूमि बांधली गेली. १९६८ च्या सुमारास तीं थडगीं ब्रुकवुडास हलविलीं, आणि त्या जागीं २०१५ सालीं एक शांत बाग झाली आहे.

याच हॉर्सेलच्या माळावर मंगळावरचे लोक उतरले! म्हणजे एच्. जी. वेल्स याच्या कादंबरींत. १८९५ सालीं हा गृहस्थ आगगाडीच्या रुळांसमोरच्या एका लहान घरांत बिऱ्हाड करून राहिला आणि सायकलवरून हिंडून आपल्या परग्रहवासीयांनीं कोणतें घर जाळावें, कोणतें पाडावें याची टिपणें करीत बसला. त्यांत त्यानें लाइटनरची संस्था व मशीदहि सोडली नाहीं. आपल्या गांवाचा असा विध्वंस करणाऱ्याचा राग न धरतां गांवकऱ्यांनीं १९९८ सालीं भरचौकांत त्या मंगळयंत्राचा तीन पायांचा पोलादी पुतळा उभा केला. आमचा नातू त्यालाच गांवचें दैवत समजतो.

अलीकडे मात्र या मागीलदारास दिवाणखाना होण्याची हौस आली. नगरपालिकेनें कर्ज काढून तिसांहून अधिक मजल्यांचे मनोरे व मोठें हॉटेल उभारलें. आणि जून २०२३ मध्यें, आपणांस आतां खर्च भागवितां येत नाहीं, असें तिला कायदेशीर जाहीर करावें लागलें. कर्जाचा आंकडा अब्जांत होता. तात्यासाहेब तें वर्तमानपत्र तीन दिवस जपून ठेवून होते. त्यांच्या मतें कोणत्याहि अव्वल कारकुनानें पहिल्याच पानावर शेरा मारून तें प्रकरण परत पाठविलें असतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं लेखणी उचलली तिच्याकडे वळतों. इंग्लंडांतील पहिलें दाहगृह याच वोकिंगांत, सेंट जॉन्स नांवाच्या भागांत आहे. मृतास पुरावें हीच ख्रिस्ती देशांतली रीत. १८७३ सालीं व्हिएन्नाच्या प्रदर्शनांत एका इटालियन प्राध्यापकानें प्रेतदहनाच्या भट्टीचा नमुना मांडला होता; तो राणीचे शस्त्रवैद्य सर हेन्री टॉमसन यांनीं पाहिला, आणि पुढील वर्षीं जानेवारींत लेख लिहून दहनाचा पुरस्कार करणारी मंडळी स्थापन केली. या मंडळीनें नेक्रॉपोलिस कंपनीकडूनच वोकिंगास एक एकर जागा घेतली, इटलींतून प्रोफेसर गोरिनी यांस आणून भट्टी बांधविली, आणि १७ मार्च १८७९ रोजीं तींत एक मेलेला घोडा जाळून पाहिला. त्यासरशीं गांवांत एकच हलकल्लोळ उडाला. पाद्रीबुवा पुढें झाले, गृहमंत्र्यांकडे शिष्टमंडळ गेलें, आणि मनाई झाली. आम्हांस त्या पाद्र्याचा राग येत नाहीं. आपल्या आळींत कोणी परकी रीत घालूं लागला असता तर आम्हीं तरी शिष्टमंडळच नेलें असतें.

सहा वर्षें ती भट्टी थंड पडली. मग १८८४ सालीं वेल्समध्यें डॉ. प्राइस नांवाच्या एका विक्षिप्त वृद्धानें आपल्या तान्ह्या मुलाचें प्रेत टेकडीवर उघड्यावर जाळण्याचा यत्न केला. लोक खवळले, खटला झाला, आणि न्यायमूर्ति स्टीफन यांनीं निर्णय दिला कीं दुसऱ्यास उपद्रव न होईल अशा रीतीनें प्रेत जाळणें हा गुन्हा नव्हे. त्यावर २६ मार्च १८८५ रोजीं वोकिंगास श्रीमती पिकर्सगिल या बाईचें दहन झालें. त्या वर्षीं सारीं मिळून तीन दहनें झालीं, पुढल्या वर्षीं दहा. आज त्या देशांत शंभरांत पंचाहत्तरांहून अधिक माणसें अग्नीच्या स्वाधीन होतात. फ्रीडरिख एंगेल्स याचें दहन १८९५ सालीं येथेंच होऊन त्याची रक्षा समुद्रांत सोडली गेली. कादंबरीकार टॉमस हार्डी व गणिती ॲलन ट्यूरिंग यांसहि येथेंच अग्नि मिळाला.

येथें आम्हांस आपल्या कोल्हापूरची आठवण होते. छत्रपति राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास करून परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, ऐन विशींत, इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं निवर्तले. सोबतच्या मंडळींनीं तेथील अधिकाऱ्यांची अनुमति मिळवून दोन नद्यांच्या संगमावर चंदनकाष्ठादिकांनीं यथाविधि दहन केलें. त्या जागीं त्यांची छत्री आजहि उभी आहे. म्हणजे सर हेन्रींनीं व्हिएन्नास भट्टी पाहण्यापूर्वीं तीन वर्षें एका मराठी राजाची चिता युरोपांत पेटली होती.

तात्यासाहेबांनीं आम्हांस तें दाहगृह ऑक्टोबर २०२४ मध्यें बाहेरून दाखविलें. जुन्या इंग्रजी देवळासारखी लाल विटांची इमारत, मोठीं झाडें. मग ते सहज म्हणाले, “मी चिरंजीवांस लेखी देऊन ठेवलें आहे. मला येथेंच द्यावें. विमानाच्या पोटांत पेट्याबासनांबरोबर घालून साताऱ्यास नेऊं नये.” आम्हीं विचारलें, “आणि कृष्णा?” ते म्हणाले, “अस्थि न्या. त्या हलक्या असतात.”

घरीं आल्यावर हें आमच्या कुटुंबाच्या कानीं गेलें. तिला तें मुळींच रुचलें नाहीं. आयुष्यभर सोंवळें पाळलेल्या माणसानें असें परमुलखांत यंत्रांत जावें, हें तिच्यानें ऐकवेना. आम्ही शास्त्राधार शोधूं लागलों, ती म्हणाली, “शास्त्र राहूं द्या. तुमचें काय तें सांगा.” त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

जानेवारी २०२५ मध्यें, एका पहांटे, तात्यासाहेब झोपेंतच गेले. वैद्याचा दाखला, नोंदणी-कचेरीचा दाखला, अंत्यविधीची व्यवस्था लावणारी मंडळी, आणि मग दाहगृहाचा वार व वेळ. हिंवाळ्यांत त्या देशीं दोन-दोन, तीन-तीन आठवडे लागतात. आमचा दिवस बाराव्या दिवशीं आला. म्हणजे आपल्याकडे ज्या दिवशीं सपिंडीची तयारी व्हावयाची, त्या दिवशीं तेथें दहन! साग्निकाचें सुतक दहनापासून व निरग्निकाचें मरणापासून, हें आम्हीं पाठशाळेंत शिकलों होतों. पण पिंडांचें काय? वाईच्या आमच्या स्नेही शास्त्रीबोवांस टेलिफोन केला. ते म्हणाले, “सुतक गेलें तरी दाहावांचून पुढचें कांहीं नाहीं. क्रियेचे दिवस दाहापासून मोजा. आणि मास्तर, तुम्हीच सांगा सगळें, तुम्हांस येतें.” लंडनचे पुरोहित त्या दिवशीं दुसरीकडे गुंतले होते. ज्यानें जन्मभर मुलांकडून केवळ धातु चालवून घेतले त्यानें व्याह्याचें और्ध्वदेहिक सांगावें असा योग आला.

आम्हांस अर्धा तास होता. जांवयांनीं धोतरावर लोकरी कोट घातला होता. पाण्याचें मडकें खांद्यावर घेऊन फिरावयाचें तें ओल न होऊं देतां, म्हणून तांब्या घेतला. अश्मा घराच्या मागच्या अंगणांतला घेतला. सरे परगण्यांतला गारगोटीचा खडा. आम्हीं मंत्र म्हटले, शेवटीं ईशावास्यांतले अखेरचे म्हटले. आवाज आधीं फुटेना, मग फुटला. जांवयांस आंत नेऊन त्यांच्या हातून कळ दाबविली. दार सरकलें. धूर नाहीं, ज्वाळा नाहीं, लांकडाचा तडतडाट नाहीं. स्मशानांत आपण आगीची धग तोंडावर घेऊन घरीं येतों. येथें केवळ थंड हवा तोंडावर घेऊन बाहेर आलों, आणि दारांत पुढच्या कुटुंबाच्या गाड्या वाट पाहत होत्या. उघड्यावर चिता रचण्याविषयीं तेथील हिंदूंनीं कोर्टांत मागणी केली होती. भिंती असलेल्या पण माथ्यावर मोकळ्या अशा इमारतींत दहन कायद्यांत बसूं शकतें, असें वरिष्ठ कोर्टानें २०१० सालीं म्हटलें आहे. त्या दिवशीं आम्हांस त्या मागणीचें मर्म कळलें.

दहावा दिवस घराच्या मागच्या अंगणांत केला. पिंड कुंपणाजवळ मांडला. पाऊस भुरभुरत होता. काळे कावळे समोरच्या ओकवर बसले होते, एकहि उतरेना. जांवयांनीं बहिणीचें नांव घेतलें, घराचें घेतलें, कांहीं नाहीं. शेवटीं आम्हीं पुढें होऊन म्हटलें, “तात्यासाहेब, नातवाची मुंज कृष्णाकांठीं होईल. आमचा शब्द.” थोड्या वेळानें एक लहानसा, करड्या मानेचा पक्षी उतरला आणि त्यानें शित उचललें. तो कावळा कीं कावळ्याचा भाऊबंद, यावर घरांत वाद झाला. त्यास इंग्रजींत जॅकडॉ म्हणतात व तो काककुळांतलाच आहे, असें नातवानें पुस्तक आणून दाखविलें. शास्त्रीबोवांनीं टेलिफोनवर एकच विचारलें, “काळा आहे ना?” शेजारची वृद्ध इंग्रज बाई कुंपणावरून हें सारें मूकपणें पाहत उभी होती. संध्याकाळीं ती एक पोळीसारखी गोड भाकरी घेऊन आली. तिच्या नवऱ्यासहि त्याच दाहगृहांत दिलें होतें, असें तिनें सांगितलें. तीन वर्षांत आमच्या घरचा उंबरा तिनें ओलांडल्याची ती पहिलीच वेळ.

तेथें अस्थि वेंचावयाच्या नसतात. कुटून केलेली राखाडी पूड डब्यांत घालून, वर दाखला चिकटवून देतात. मार्चमध्यें तो डबा आम्ही मांडीवर घेऊन आलों, आणि संगम माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या संगमांत तात्यासाहेबांस पोंचविलें. चिमूटभर रक्षा जांवयांनीं मागें ठेवून घेतली होती. तींहि त्यांच्या लेखी कागदांत नमूद असल्याप्रमाणें जुन्या वोकिंगास सेंट पीटरच्या देवळाखालीं वे नदींत गेली. आमचें कुटुंब म्हणालें, “दोन्ही घरीं पत्ता ठेवला.” यांत तिनें त्यांस क्षमा केली कीं टोमणा मारला हें आम्हांस अजून कळलेलें नाहीं.

मुंज वैशाखांत वाईस झाली. आतां कन्येचें म्हणणें असें कीं घरांत म्हातारें माणूस नाहीं, शाळेंतून आल्यावर मुलगा एकटा पडतो. तेव्हां आम्हीं उभयतांनीं दरवर्षीं सहा महिने तिकडे यावें. कायमचें राहण्याचे नियम २०१२ पासून फार कडक झाले आहेत. सहा महिने मात्र राहतां येतें. आमच्या कुटुंबानें ना होकार दिला आहे ना नकार. लिंबाच्या लोणच्याची एक मोठी बरणी तिनें भरून कोनाड्यांत ठेवली आहे. ती कोणाच्या हातीं पाठवावयाची कीं बरोबर न्यावयाची, हें विचारलें असतां, “मुरूं द्या आधीं,” म्हणते.